कागदाच्या जाळावरचा ताशा

कागदाचा जाळ फार वेळ टिकत नाही. म्हणून अंकल वर्तमानपत्राचं एकेक पान चुरगाळून टाकत होते आणि ज्योत उंच झाली की ताशाचं तोंड खाली करून तिच्यावर फिरवत होते, फुलक्यासारखं, एका जागी न थांबवता. मधेच तो उलटा करायचा, टिचकी मारायची, कान जवळ न्यायचा, मान हलवायची आणि पुन्हा जाळ. चौथ्या खेपेला टिचकीचा आवाज बदलला. इतका वेळ भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा येत होता, तो एकदम करवंटीवर करवंटी आपटावी तसा कोरडा, टणक आला. अंकलनी ताशा माझ्यापुढे धरला. "आता बोलतोय," म्हणाले.

मातीच्या भांड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेला ताशा मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतला. तसा ताशा मला नवा नाही. पुण्यात सहा वर्षं मी पथकात वाजवला आहे. पण आमचा ताशा धातूचा, त्याचं पान प्लॅस्टिकचं. पावसात भिजला तरी त्याला काही होत नाही, त्याला जाळ दाखवायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. ज्याला इतकी वर्षं आपला म्हणत आले त्याचं जुनं रूप पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, पोर्ट ऑफ स्पेनमधल्या एका परसात बघायला मिळेल, हे विमानात बसताना ध्यानीमनीही नव्हतं.

दादाची कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर तीन वर्षांची नोकरी होती. कारखाना दक्षिणेला पॉइंट लिसासला, घर राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला. त्याची मुदत संपत आली तसं वहिनीने फोनवर सांगितलं, "आत्ता आलीस तर आलीस, नाहीतर हे गाव राहूनच जाईल." जुलै महिना होता. तीन आठवड्यांची रजा काढून गेले.

पोर्ट ऑफ स्पेन हे नाव आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून होतं. बाबांच्या तोंडी ते एखाद्या तीर्थक्षेत्रासारखं यायचं. मार्च १९७१ मध्ये तिथल्या क्वीन्स पार्क ओव्हलवर अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला सात गडी राखून हरवलं. वेस्ट इंडीजविरुद्धचा भारताचा तो पहिला कसोटी विजय. दिलीप सरदेसाईंचं शतक आणि पहिल्याच कसोटीत सुनील गावसकरांच्या ६५ आणि नाबाद ६७ धावा हे आकडे बाबा पाढ्यासारखे म्हणत. त्याच मालिकेच्या शेवटच्या सामन्यात, त्याच मैदानावर, गावसकरांनी १२४ आणि २२० केल्या. महाराष्ट्रात अशी हजारो घरं असतील, जिथे पोर्ट ऑफ स्पेन हे नाव तोंडपाठ आहे आणि त्या गावात मैदानाशिवाय काय आहे हे कुणालाच माहीत नाही. मीही त्यांतलीच होते.

दादाच्या ओळखीच्यांना विचारलं की काय बघू, तर सगळ्यांची उत्तरं सारखी. मराकस बीच, सव्हाना मैदान, त्याच्या कडेचे ते सात वाडे. ते बघितले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेले, एकेकाचा तोरा वेगळा, सुंदर आहेत. पण वाड्यांसमोरच्या त्या अफाट सव्हाना मैदानात मला जास्त वेळ थांबवलं ते एका बुटक्या भिंतीने. मैदानाच्या आतच कुंपण घातलेला एक छोटासा चौकोन आहे. ते पेशिए कुटुंबाचं खासगी कबरस्तान. ही सगळी जमीन त्यांचा उसाचा मळा होता. राल्फ वूडफर्ड या गव्हर्नरने १८१७ मध्ये ती सरकारसाठी विकत घेतली, पण आपली माणसं जिथे पुरली आहेत तेवढा तुकडा कुटुंबाने विकला नाही. आजूबाजूला पोरं फुटबॉल खेळतात, नारळपाणीवाले उभे असतात, लोक संध्याकाळी मैदानाला फेऱ्या घालतात आणि मधे तो तुकडा तसाच आहे. माझ्यासोबत वहिनी होती. ती तीन वर्षं रोज तिथे चालायला जायची आणि ती भिंत पंपहाऊसची आहे असं समजायची.

जमीन विकताना मागे ठेवलेला तुकडा. का कोण जाणे, त्यानंतर मी त्या शहरात असल्याच जागा शोधायला लागले.

रेड हाऊस म्हणजे तिथलं संसद भवन. १९०३ मध्ये पाण्यावरून झालेल्या दंगलीत जळलेलं आणि नंतर पुन्हा उभारलेलं. त्याची डागडुजी चालू असताना २०१३ मध्ये जमिनीखाली मानवी अस्थी सापडल्या. कोलंबसच्या आधीपासून त्या बेटावर राहणाऱ्या लोकांच्या. २०१९ मध्ये त्यांच्या आजच्या वंशजांनी विधिपूर्वक त्या पुन्हा मातीला दिल्या. समोरच्या वूडफर्ड चौकात एरिक विल्यम्स यांनी १९५० च्या दशकात रात्री-रात्री भाषणं केली. विषय इतिहास, राज्यघटना, गुलामगिरी. श्रोते गोदी कामगार, शिक्षक, घरकाम करणाऱ्या बायका. लोक त्या चौकाला वूडफर्ड चौक विद्यापीठ म्हणायला लागले. पुढे हेच विल्यम्स स्वतंत्र त्रिनिदादचे पहिले पंतप्रधान झाले. मी गेले तेव्हा बाकावर दोन म्हातारे कशावरून तरी कडाकडा वाद घालत होते आणि तिसरा मधे पडायला तयार नव्हता. विद्यापीठ बंद पडलेलं नाही, असं मला वाटलं.

ट्रॅगरेट रोड हा माझा सगळ्यात आवडता रस्ता. खरं तर त्यात बघण्यासारखं काही नाही असं कुणीही सांगेल. लापेरूझ दफनभूमी याच रस्त्यावर. तिथे आत शिरलं की ओतीव लोखंडाच्या जाळ्या, वाकलेले क्रॉस, फ्रेंच, इंग्रजी, स्पॅनिश, पोर्तुगीज, चिनी आडनावं. मिशेल-झाँ काझाबाँ हा चित्रकार इथेच आहे. एकोणिसाव्या शतकातलं त्रिनिदाद कसं दिसत होतं ते आज आपल्याला कळतं ते मोठ्या अंशी त्याच्या जलरंगांमुळे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे कबरींवर रात्री मेणबत्त्या लावतात. तेव्हा यायला हवं होतं.

तिथून पश्चिमेला चालत गेलं की ओव्हल येतं. मी फाटकातून आत डोकावले. हिरवळ, मागे उत्तरेचे डोंगर आणि समान वृक्ष. समान म्हणजे आपला पर्जन्यवृक्ष. आपल्याकडे रस्तोरस्ती छत्रीसारखा पसरलेला दिसतो तो मुळात अमेरिका खंडातल्या या उष्ण पट्ट्याचा. बाबांना फोटो पाठवला. त्यांनी तो मोठा करून बघितला असणार, कारण बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "पॅव्हेलियन कुठल्या बाजूला?"

आणि ओव्हलच्या अगदी समोर, रस्त्याच्या पलीकडे, इन्व्हेडर्स या स्टीलबँडचं, म्हणजे तेलाच्या पिंपांपासून केलेली 'पॅन' ही वाद्यं वाजवणाऱ्या ताफ्याचं, अंगण आहे. तिथे त्याला पॅनयार्ड म्हणतात. क्रिकेटसाठी येणारे लाखो लोक त्याच्याकडे पाठ करून उभे राहत असतील. कार्निव्हल संपून महिने झाले होते, अंगणात शुकशुकाट होता. एकच माणूस एका पॅनवर वाकून छोट्या हातोडीने ठोकत होता. ठोकायचं, रबर लावलेल्या काडीने वाजवायचं, ऐकायचं, पुन्हा ठोकायचं. मी तासभर उभी होते. त्याने एकदा वर बघितलं, एक उलटा डबा पायाने माझ्याकडे सरकवला आणि पुन्हा कामाला लागला. मी डब्यावर बसले.

एली मॅनेट याच बँडचे. १९४० च्या दशकात पंचावन्न गॅलनचं तेलाचं पिंप घेऊन त्याचा तळ आत खोल ठोकून, त्यावर सुरांच्या जागा पाडून वाद्य घडवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. पिंपं का, तर बेटावर तेल होतं आणि युद्धकाळात अमेरिकन तळ होता. रिकामी पिंपं पडलेली असायची. पण पिंपापर्यंत पोचायला लोकांना साठ वर्षं लागली आणि त्याचं कारण कळल्यावर मला त्या शहराकडे वेगळ्या नजरेने बघावं लागलं.

गुलामगिरी संपल्यावर आफ्रिकी वंशाचे लोक कार्निव्हलमध्ये आपले ढोल घेऊन रस्त्यावर यायला लागले. १८८१ मध्ये पोलिसांशी मोठी चकमक झाली आणि १८८४ मध्ये सरकारने ढोल बंद केले. मग लोकांनी बांबूचे लहानमोठे तुकडे तोडले आणि ते जमिनीवर आपटून ताल धरला. त्याला टँबू बँबू म्हणत. पुढे त्यावरही पोलिसांचा डोळा आला. तेव्हा बिस्किटांचे डबे, कचऱ्याच्या पेट्यांची झाकणं, मोटारीचे ब्रेक ड्रम हातात आले आणि सगळ्यात शेवटी पिंप. कातडं काढून घेतलं तर बांबू, बांबू काढून घेतला तर लोखंड. आज हेच त्रिनिदादचं राष्ट्रीय वाद्य आहे आणि ११ ऑगस्ट हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी जागतिक स्टीलपॅन दिन ठरवला आहे.

हे बहुतेक सगळं घडलं ते शहराच्या पूर्वेला, ड्राय रिव्हरच्या पलीकडे. चाकोन या स्पॅनिश गव्हर्नरने १७८७ मध्ये शहरात शिरणारी नदी वळवून डोंगराच्या पायथ्याशी नेली. आज ती सिमेंटच्या पाटातून वाहणारी पाण्याची एक रेघ आहे. तिच्या पलीकडच्या लावंतील टेकडीवरच्या वस्तीला शहरातले लोक 'पुलामागचे' म्हणतात, आणि त्या एका शब्दात बरंच काही असतं. तिथे गोळीबार होतात, टोळ्या आहेत, हे खोटं नाही. दादाच्या एका सहकाऱ्याचं बालपण तिथलं. तो भर सकाळी आपल्या गाडीने घेऊन गेला. चढ असा की गाडी मागे घसरेल असं वाटावं. वरून शहर, गोदी, पारियाचं आखात सगळं पायाशी. याच टेकडीवर १७९० च्या दशकात चुर्रूका या स्पॅनिश नौदल अधिकाऱ्याने दुर्बीण लावून आकाशाचे वेध घेतले होते आणि या बेटाचं रेखांश पक्कं केलं होतं. खाली ऑब्झर्व्हेटरी स्ट्रीट नावाचा रस्ता अजून आहे. मी त्या सहकाऱ्याला म्हटलं, इतकी मोठी गोष्ट इथे घडली आणि कुणी सांगितलं नाही. तो म्हणाला, "इथे काय घडलं ते विचारायला कुणी वर येतच नाही."

आता सेंट जेम्स, शहराचा पश्चिमेकडचा भाग.

दादाचं घर फोर्ट जॉर्जच्या रस्त्याला होतं, सेंट जेम्सच्या डोक्यावर. किल्ला १८०४ चा, समुद्रापासून ११०० फुटांवर. त्याच्या तोफा लढाईत कधीच उडाल्या नाहीत. तिथली लाकडी संदेशचौकी मात्र बघण्यासारखी आहे. १८८३ मध्ये ती कोफी न्टी या अशांती राजपुत्राने आखली. पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती राजाचा हा मुलगा, इंग्रजांशी झालेल्या युद्धानंतर इथे आणून ठेवलेला. ज्यांनी आपल्याला पकडून आणलं त्यांची जहाजं येताना दिसावीत म्हणून त्याने ही देखणी चौकी उभारली. तिच्या व्हरांड्यात बसल्यावर हवा छान लागते आणि मन अस्वस्थ होतं.

तिथून खाली उतरलं की सेंट जेम्सचे रस्ते लागतात. पहिल्या दिवशी पाट्या वाचत गेले. कलकत्ता स्ट्रीट. दिल्ली स्ट्रीट. लखनौ, बनारस, पाटणा, आग्रा. आणि मग बॉम्बे स्ट्रीट! मी पाटीखाली उभी राहून स्वतःचा फोटो काढला. आपल्याकडचंही कुणी इथे आलं होतं तर, असं वाटून ऊर भरून आला.

तो समज दोन दिवस टिकला. १८४५ ते १९१७ या काळात भारतातून १ लाख ४० हजारांहून अधिक माणसं मजुरीच्या करारावर त्रिनिदादला आली. पहिलं जहाज फातेल रझाक, ३० मे १८४५. ती तारीख तिथे सुट्टीची आहे. पण ही जहाजं सुटायची कलकत्त्याहून आणि काही मद्रासहून. मुंबईहून नाही. माणसं बहुतेक अवध, बिहार, भोजपूरकडची. सेंट जेम्स हा तेव्हा पेरू नावाचा उसाचा मळा होता. त्या मळ्यातली माणसं इथेच वसली आणि रस्त्यांना हिंदुस्थानातल्या शहरांची नावं पडली. बॉम्बे हे त्या यादीतलं एक नाव होतं, एवढंच. माझ्या माणसांशी त्या पाटीचा संबंध नव्हता. फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला होता, वर 'आपली माणसं इथेही!' असं लिहून. तो काढून टाकला.

पण त्याच रस्त्यावर दुसरं काहीतरी सापडायचं होतं. संध्याकाळी डबल्स खायला गाडीपाशी उभी होते. डबल्स म्हणजे दोन मऊ तळलेले 'बारा', मधे छोल्यांची पातळसर भाजी, वर चिंच आणि मिरची. मिरची किती हे आधी सांगावं लागतं, मी 'थोडी' म्हटलं तरी डोळ्यांतून पाणी आलं. मागून एका लहान मुलीने हाक मारली, "आजी!" मी चमकून वळले. सत्तरीची एक बाई हात पुसत येत होती. तिथे वडिलांची आई ती आजी, वडिलांचे वडील आजा, आणि आईची आई नानी. भोजपुरीतून आलेले शब्द. त्या बाईला हिंदी येत नव्हतं, भोजपुरीही नाही. तिची भाषा त्रिनिदादची इंग्रजी. मी सांगितलं की आमच्याकडेही आजीच म्हणतात. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे तू माझ्या आजीच्या गावची," म्हणाली. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही.

ताशा वाजतो कुठे, हे तिनेच सांगितलं. रात्री दादाच्या घरात झोपल्यावर खालून दरीतून आवाज यायचा, पण इतका तुटक की कळायचं नाही. तिच्या पुतण्याच्या ओळखीने मी अंकलच्या परसात पोचले. 'अंकल' तिथेही असंच म्हणतात, नात्याचा नसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला.

मोहरमचे दिवस होते. त्या वर्षी आषाढी एकादशी आणि मोहरमची दहावी एकमेकींना चिकटून आल्या होत्या. सेंट जेम्समध्ये मोहरमला होसे म्हणतात. 'या हुसेन' या हाकेतून आलेला शब्द. अंकलच्या परसात ताफा तयार होत होता. दोन-तीन ताशे, एक अजस्र ढोल आणि पितळी झांजा. मी बघतच राहिले. ढोल, ताशा, झांज. हेच तर आमचं पथक! फक्त तिथे ढोलाला 'बेस' म्हणतात. पुढे राहून करामती करणारा ताशेवाला तो 'कटर', मागे ताल धरून ठेवणारे ते 'फुले'. झांजेला मात्र झांजच म्हणतात. आणि तालाला काय म्हणतात? 'हँड'. हात. लग्नाचा हात वेगळा, होसेचा वेगळा. होसेतही शोकाचा हात आहे, त्याला मर्सिया म्हणतात.

अंकलनी विचारलं, तुमचा हात कसा? मी त्यांचा तापलेला ताशा मांडीवर घेतला. काड्या वेगळ्या, लवचीक, टोकाला गुंडाळलेल्या. मिरवणूक चौकातून निघताना आम्ही वाजवायचो तो साधा ठेका धरला. पहिल्या दोन आवर्तनांत हात चाचरला. कातडं प्लॅस्टिकसारखं काडीला उडवून परत देत नाही, थोडं स्वतःकडे ठेवून घेतं. मग जमलं. अंकल डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या नातवाने झांज उचलली आणि तिसऱ्या आवर्तनाला बरोबर समेवर आला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं सम कुठे आहे.

१८८४ ची गोष्ट अंकलनी त्याच दिवशी सांगितली. ज्या वर्षी कार्निव्हलचे ढोल बंद झाले त्याच वर्षी सरकारने होसेच्या मिरवणुकांनाही शहरांत यायला बंदी केली. ३० ऑक्टोबर १८८४ ला दक्षिणेत सान फर्नांडोच्या वेशीवर मळ्यांमधून निघालेल्या मिरवणुकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वीसच्या आसपास माणसं मेली, शंभरावर जखमी झाली. त्यांत मुसलमान होते तसेच हिंदूही. होसेत सगळेच असत. मला हे ऐकताना पुण्याचे ताबूत आठवले. गणपती सार्वजनिक मांडवात यायच्या आधी हिंदू मोठ्या संख्येने मोहरमच्या मिरवणुकांत जात, ताबुतांपुढे वाजवत. आमच्या पथकात हे कधी कुणी बोललं नाही. मीही वाचलेलं विसरून गेले होते.

नेल्सन बेटाची फेरी त्याच आठवड्यात मिळाली. शहराच्या पश्चिमेला समुद्रात 'फाइव्ह आयलंड्स' नावाची छोटी बेटं आहेत, त्यांतलं हे एक. राष्ट्रीय वारसा जपणारी तिथली संस्था अधूनमधून बोटीने नेते. १८६६ पासून १९१७ पर्यंत करारावर येणारा प्रत्येक माणूस आधी इथे उतरवला जायचा. तीन महिने समुद्रात काढल्यावर इथे तपासणी, विश्रांती आणि मग मळ्यांवर वाटणी. एका मळ्यावर पाच वर्षांचा करार. बोटीत शेजारी झोपलेली माणसं इथून वेगवेगळ्या दिशांना जायची. म्हणून 'जहाजी भाई' हे नातं तिथे रक्ताच्या नात्याइतकं मानलं गेलं. पुढे याच बेटावर कामगार नेते युराया बटलर यांना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डांबलं आणि युरोपातून जीव वाचवून आलेल्या ज्यूंनाही शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ठेवलं. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये एकच जागा बघायची असेल तर मी ही सांगेन.

बेट एवढंसं आहे. पाच-दहा मिनिटांत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता येतं. जुन्या इमारतीच्या जाड भिंती, वर पेलिकन, समोर पाण्यापलीकडे हिरवे डोंगर आणि शहर. तिथे पायरीवर बसून मी विचार करत होते की कलकत्त्याच्या गोदीत बोटीवर चढताना कुणी ताशा बरोबर घेतला असेल का. मातीचं भांडं, तीन महिने समुद्र, खारी हवा. टिकला नसता. मग इथे आल्यावर मातीचं भांडं घडवणारा, बकऱ्याचं कातडं कमावणारा आणि ते तापवायचं किती हे ठाऊक असलेला कुणीतरी लागला असणार. त्यांच्या गाठोड्यांची झडती इथे होत असेल. हात कोण तपासणार.

मोठ्या होसेच्या रात्री वेस्टर्न मेन रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती. ताजिये उंच, रंगीत कागदांचे, घुमटांचे. महिनाभर बंद दाराआड, व्रत पाळून बांधलेले. त्यांच्यापुढे दोन चंद्र, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचे मोठे सांगाडे, एक लाल, एक हिरवा. हुसेन आणि हसन, पैगंबरांचे दोन नातू. एकेका चंद्राचं ओझं एकट्याने खांद्यावर घ्यायचं, गर्रकन फिरवायचं आणि दमला की दुसऱ्याने खांदा द्यायचा. मी पालख्यांना खांदा बदलताना बघत लहानाची मोठी झाले. त्या माणसांची मानेची शीर कशी फुगते हे मला न बघता सांगता आलं असतं.

अकराच्या सुमारास पाऊस आला. मुसळधार नाही, पण पुरेसा. पाच मिनिटांत ताशांचा आवाज बसला. आणि मग मी जे पाहिलं त्यासाठी पुन्हा एवढा प्रवास करायची माझी तयारी आहे. रस्त्याच्या कडेला, दुकानांच्या वळचणीला, ठिकठिकाणी जाळ पेटले. पोरं ताशे घेऊन धावत जायची, तापवायची, धावत परत यायची. तोवर दुसरा ताल सोडायचा नाही. एकाचा ताशा उतरला की दुसऱ्याचा तापून आलेला असायचा. ढोल एकदाही थांबला नाही. अंकलचा नातू माझ्या हातात चुरगाळलेली वर्तमानपत्रं कोंबून गेला आणि उरलेली रात्र मी एका मोबाइलच्या दुकानाच्या पायरीवर जाळ घालत बसले. पहाटेच्या आधी लाल आणि हिरवा चंद्र एकमेकांसमोर आले, वाकले आणि एकमेकांना टेकले. भावांची भेट. माझ्या शेजारची बाई ओढणीने डोळे पुसत होती. तिच्या गळ्यात क्रॉस होता.

तिसऱ्या दिवशी ताजिये कोकोरीटला समुद्रात सोडतात. वाजवणारे, बघणारे मोजकेच होते. किनारा काही सुंदर नाही. हमरस्ता लगत, वाळूत चिखल मिसळलेला. चार-पाच जणांनी कंबरभर पाण्यात जाऊन ताजिया पुढे ढकलला. कागद भिजून रंग पाण्यात उतरला, घुमट आधी कलला, मग बसला. अंकल गळ्यात ताशा अडकवून काठावर उभे होते, काड्या खिशात.

दादा गाडीपाशी थांबला होता. मी वळले आणि काहीही मनात नसताना खाली वाकून मूठभर वाळू उचलली. आपण गणपती सोडल्यावर पाटावर घेऊन परततो तशी. उचलल्यावर लक्षात आलं, आणि मी तशीच ओली मूठ घेऊन उभी राहिले. अंकलनी ते पाहिलं. खिशातून कालच्या वर्तमानपत्राचं एक कोरडं पान काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं.